जतनाचे शास्त्र विद्यापीठाच्या दारी



वसंत ऋतूतील या व्याख्यानांतून इतिहासाविषयी आपण दरवर्षी काही ना काही ऐकत असतो. राजे, लढाया, तह, संतांची चरित्रे हे आपल्या सवयीचे विषय आहेत. आज आम्ही जो इतिहास सांगणार आहोत तो वयाने फार लहान आहे. त्याला अजून दीडशे वर्षेही झालेली नाहीत. जुनी चित्रे, मूर्ती, पोथ्या, वस्त्रे या वस्तू काळाच्या तोंडातून वाचवाव्या कशा याचे शास्त्र कसे जन्मास आले, आणि पुढे ते विद्यापीठात शिकविण्याचा विषय कसे झाले, हा तो इतिहास होय.

आम्ही पुरातत्त्वाचे पदवीधर नव्हे. आमचे आयुष्य कामगार संघटनेत गेले, आणि जे काही वाचन झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या कृपेने झाले. मग आम्ही या विषयात का पडलो, असे कोणी विचारील. हा विषय वरवर पाहता कलेचा दिसतो. परंतु त्याच्या मुळाशी श्रमाचाच एक जुना प्रश्न आहे. जो हाताने काम करतो त्याच्यापाशी ज्ञान असते की नाही? आणि ज्याच्यापाशी पुस्तकी ज्ञान आहे त्याने हात मळवून घ्यावे की नाही? या दोन प्रश्नांची उत्तरे चुकली म्हणजे काय होते, हे जुन्या वस्तूंच्या अंगावर जितके स्पष्ट लिहिलेले दिसते तितके क्वचितच कोठे दिसत असेल.

प्रारंभ आपल्या घरापासून करू. अजिंठ्याची लेणी आपणांपैकी बहुतेकांनी पाहिली असतील. तेथील चित्रांच्या नकला करण्याचे काम रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने १८४४ च्या सुमारास हाती घेतले. त्याच्या बहुतेक नकला १८६६ साली लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत गेल्या. पुढे मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ ते १८८५ पर्यंत पुन्हा नकला केल्या. त्यांतीलही पुष्कळशा १८८५ च्या आगीत भस्म झाल्या. नकला गेल्या तरी मूळ चित्रे भिंतीवर होती. ती टिकावीत म्हणून निजाम सरकारने इटलीहून लोरेंझो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या दोन जाणकारांना बोलाविले. १९२० ते १९२२ या काळात त्यांनी सुटत चाललेला गिलावा भिंतीला पुन्हा पक्का केला, आणि हे त्यांचे उपकारच होत. परंतु त्यांनी चित्रांवर लाखेचे रोगणही चढविले. त्या दिवशी रंग उजळ दिसले असतील. वर्षे लोटली तसे ते रोगण पिवळे पडले, मग तपकिरी झाले. वर धूळ, धूर आणि वटवाघळांची घाण बसली. लाख जुनी झाली की ज्या द्रावकात ती सहज विरघळत असे त्यातही विरघळेनाशी होते. भारतीय पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांना हा थर चित्राला धक्का न लावता अंगुळ अंगुळ काढीत बसावे लागले, आणि त्या कामात पिढ्या गेल्या.

हे दोघे इटालियन अडाणी नव्हते. त्यांच्या हातात कसब होते, मनात आदर होता. परंतु लाखेचे रोगण पन्नास वर्षांनी कसे वागेल, हे कोणत्याही कारागिराला त्याचा गुरू सांगू शकत नाही. कारण गुरूनेही ते पन्नास वर्षे तपासलेले नसते. शिवाय अजिंठ्याच्या भिंतीची जातच निराळी होती. इटलीत ओल्या चुन्यावर रंग भरण्याची प्रसिद्ध पद्धत आहे. तीत चुनाच रंगाला धरून ठेवतो. १९३० नंतरच्या दशकात मद्रासच्या संग्रहालयातील रसायनज्ञ एस. परमशिवन यांनी अजिंठ्याच्या गिलाव्याचे पृथक्करण केले, तेव्हा दिसून आले की येथे मातीचा गिलावा, त्यावर पातळ पांढरा लेप आणि कोरड्या पृष्ठावर चिकट पदार्थात कालविलेले रंग, अशी रचना आहे. म्हणजे रोग्याची प्रकृती औषध देऊन झाल्यावर कळली!

मग त्या काळी हे शास्त्र जगात कोठेच नव्हते काय? होते, पण बाल्यावस्थेत. त्याचा जन्म १८८८ सालचा, बर्लिनमधला. तेथील राजकीय संग्रहालयात इजिप्तहून आणलेल्या चुनखडीच्या शिळा आणि ब्राँझच्या वस्तू ठेवल्या होत्या. वाळवंटात हजारो वर्षे शाबूत राहिलेल्या या वस्तू बर्लिनच्या दमट हवेत काही वर्षांतच झडू लागल्या. तेव्हा संग्रहालयाने फ्रीडरिख राटगेन नावाच्या एका तरुण रसायनज्ञाला नोकरीस ठेवले आणि त्याला एक प्रयोगशाळा दिली. राटगेनने पाहिले ते असे. दगडाच्या पोटात मीठ असते. हवा दमट झाली की ते विरघळते, कोरडी झाली की पृष्ठाजवळ येऊन त्याचे खडे बनतात, आणि ते खडे आतून रेटा देऊन दगडाचे पापुद्रे उडवितात. म्हणून दगड वरून कितीही पुसला तरी व्यर्थ. पाण्यात ठेवून मीठ बाहेर काढले पाहिजे. ब्राँझचेही तसेच. जमिनीतील क्षारांमुळे तांब्याचा क्लोराइड धातूत दडून बसतो. ओल मिळाली की तो फिकट हिरव्या भुकटीच्या रूपाने बाहेर फुटतो, आणि त्या क्रियेत उत्पन्न होणारे आम्ल आणखी धातू खाते. वस्तू घासून लखलखीत केली तरी रोग आतच राहतो. राटगेनने १८९८ साली या विषयावर एक ग्रंथ लिहिला; १९०५ साली त्याचे इंग्रजी भाषांतर झाले. तो ग्रंथ जतनशास्त्राचे पहिले पाठ्यपुस्तक म्हणावयास हरकत नाही.

दुसरा धडा महायुद्धाने दिला. पहिल्या महायुद्धात लंडनवर विमानांतून बाँब पडू लागले, तेव्हा ब्रिटिश म्यूझियमने आपल्या अनेक मौल्यवान वस्तू टपालखात्याच्या भुयारी रेल्वेत नेऊन ठेविल्या. बाँबपासून त्या वाचल्या. परंतु युद्ध संपल्यावर वर आणून पाहतात तो लोखंड गंजलेले, ब्राँझवर हिरवे फोड उठलेले, दगडांवर क्षार आलेले. शत्रूने जे केले नाही ते दमट हवेने केले. हे पाहून अलेक्झांडर स्कॉट या रसायनज्ञाला पाचारण करण्यात आले आणि म्यूझियमची प्रयोगशाळा उभी राहिली. १९२४ साली तेथे हॅरल्ड प्लेंडरलीथ नावाचा तरुण आला. त्याचे नाव लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहे. दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या नॅशनल गॅलरीची चित्रे वेल्समधील पाटीच्या दगडाच्या एका खाणीत हलविली, तेव्हा हा धडा विसरला गेला नव्हता. तेथे हवेची उष्णता व दमटपणा कायम एकसारखा राखला, आणि चित्रांच्या रंगाचे पापुद्रे सुटण्याचे प्रमाण लंडनमधील दिवसांपेक्षाही कमी झाले. वस्तूला हात न लावता केवळ भोवतालची हवा नीट राखणे हेदेखील जतनच होय, किंबहुना पहिले जतन तेच होय, ही गोष्ट त्या खाणीने सिद्ध केली.

परंतु हे सारे संग्रहालयांच्या आत घडत होते. एक रसायनज्ञ निवृत्त झाला की त्याचे ज्ञान त्याच्याबरोबर घरी जाण्याचा धोका असे. दुसरीकडे चित्रे दुरुस्त करणारे कारागीर आपले मसाले बापाकडून मुलाकडे, उस्तादाकडून शागिर्दाकडे गुप्त ठेवून देत. कारागिराला आम्ही दोष देणार नाही. ज्याचे पोट त्या मसाल्यावर चालते तो तो चव्हाट्यावर का मांडील? पण गुप्त ज्ञानाची एक खोड असते: त्यातील चूक कोणाला दिसत नाही, म्हणून ती सुधारतही नाही. हे ज्ञान खुले करावयाचे तर ते शाळेत आणणे प्राप्त होते.

या कामी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने पुढाकार घेतला. तेथील फॉग संग्रहालयाचे संचालक एडवर्ड फोर्ब्स हे धनिक कुळातले, चित्रांचे शौकीन. त्यांना एक गोष्ट पटली होती की चित्र कसे बनते हे ज्याने स्वतः करून पाहिले नाही त्याला चित्र कळत नाही. म्हणून ते आपल्या विद्यार्थ्यांना गिलावा थापावयास, रंग खलावयास, अंड्याच्या बलकात ते कालवावयास लावीत. मुलांनी त्या वर्गाला ‘अंडी आणि गिलावा’ असे नावच ठेवले होते. १९२८ साली तेथे तांत्रिक अभ्यासाचा निराळा विभाग निघाला. त्यात दोन माणसे नेमली: जॉर्ज स्टाउट हे कलेच्या शिक्षणातून आलेले, आणि रदरफोर्ड गेटन्स हे रसायनज्ञ. हाताचा जाणकार आणि प्रयोगशाळेचा जाणकार असे दोघे एका टेबलाशी बसले. १९३२ ते १९४२ पर्यंत त्यांच्या विभागाने एक त्रैमासिक चालविले, आणि त्यात जो तो आपला अनुभव, आपले अपयशसुद्धा, मांडू लागला. मसाल्याच्या पुरचुंड्या सुटल्या त्या येथे.

मधल्या काळात, १९३० साली, रोममध्ये कलावस्तूंची शास्त्रीय तपासणी व रक्षण या विषयावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. १९३७ साली लंडन विद्यापीठाची पुरातत्त्वसंस्था सुरू झाली. तिचे प्रवर्तक मॉर्टिमर व्हीलर हे पुढे १९४४ ते १९४८ पर्यंत आपल्याकडील पुरातत्त्व खात्याचे प्रमुख होते. त्या संस्थेत आयोनी गेडी नावाच्या बाई फुटकी मडकी जोडणे, धातू स्वच्छ करणे ही कामे विद्यार्थ्यांकडून प्रत्यक्ष करवून घेत. १९३९ साली इटलीने रोममध्ये मध्यवर्ती जतनसंस्था काढली आणि चेझारे ब्रांदी तिचे पहिले संचालक झाले.

ब्रांदींच्या संस्थेपुढे लवकरच कसोटीचा प्रसंग आला. १९४४ साली व्हितेर्बो गावच्या एका चर्चवर बाँब पडून पंधराव्या शतकातील भित्तिचित्रांचे हजारो तुकडे झाले. ते तुकडे गोळा करून जोडले. पण मधल्या रिकाम्या जागा कशा भराव्या? जुना कारागीर म्हणाला असता, असा रंग भरतो की जोड कोणाला कळणार नाही. ब्रांदींचे म्हणणे असे की तसे करणे म्हणजे लबाडी. आणि जागा पांढरी ठेवणे म्हणजे चित्राचा विद्रूप. तेव्हा तोड निघाली ती अशी: रिकामी जागा बारीक उभ्या रेघांनी भरावयाची. लांबून पाहणाराला चित्र अखंड दिसावे, जवळ जाणाराला रेघा दिसून कळावे की हा भाग आमचा, मूळचा नव्हे. ही रेघ ओढण्यास कसबी हात लागतो, रंग टिकाऊ निवडण्यास रसायन लागते, आणि रेघ ओढावी की नाही हे ठरविण्यास नीतिविचार लागतो. जतनाच्या शिक्षणाचे तीन पाय ते हेच. आज जगात जेथे जेथे हा विषय शिकविला जातो तेथे हे नियम पहिल्या वर्षीच सांगतात: पुढे काढता येईल असेच लावा, गरजेपुरतेच करा, आणि जे केले ते लिहून ठेवा.

आता भारताचा धागा येथे जुळतो. १९५६ साली युनेस्कोची सर्वसाधारण परिषद नवी दिल्लीत भरली होती. सांस्कृतिक वस्तूंच्या जतनाचे आंतरराष्ट्रीय केंद्र काढावे हा ठराव त्या परिषदेत संमत झाला. १९५९ साली ते केंद्र रोममध्ये उघडले, आणि त्याचे पहिले संचालक झाले ते ब्रिटिश म्यूझियमचे प्लेंडरलीथ. पुढच्याच वर्षी, १९६० साली, न्यूयॉर्क विद्यापीठाने जतनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला.

मग १९६६ साल उजाडले. ४ नोव्हेंबरला आर्नो नदीला पूर येऊन फ्लॉरेन्स शहर चिखलात बुडाले. चिमाबुए या तेराव्या शतकातील चित्रकाराच्या क्रुसावरील रंगाचा मोठा भाग वाहून गेला. राष्ट्रीय ग्रंथालयातील लक्षावधी ग्रंथ भिजले. देशोदेशीचे विद्यार्थी चिखलातून पुस्तके उपसावयास धावून आले. परंतु उपसल्यावर पुढे काय? तेव्हा इंग्लंडहून आले ते बुकबाइंडर: पीटर वॉटर्स, अँथनी केन्स आणि त्यांचे सोबती. त्यांनी धुणे, वाळविणे, शिवणे, बांधणे यांची पायऱ्यापायऱ्यांची व्यवस्था लावून दिली. त्यांच्यापैकी ख्रिस्तोफर क्लार्कसन यांच्या ध्यानात एक विलक्षण गोष्ट आली. सरस लावून घट्ट केलेल्या बांधण्या पाण्यात फुगल्या, फाटल्या. पण सरसाशिवाय केवळ शिवून, मऊ चर्मपत्रात बांधलेली जुनी पुस्तके पुरातूनही बरीच शाबूत निघाली. शेकडो वर्षांपूर्वीच्या कोणा अनामिक बांधणाऱ्याचे शहाणपण पुराने उघडे केले, आणि ते अभ्यासाचा विषय झाले. पीटर वॉटर्स १९७१ साली अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयात जतनविभागाचे प्रमुख म्हणून गेले, आणि १९८१ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ग्रंथजतनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम निघाला. बुकबाइंडरच्या ठोकळ्यापासून विद्यापीठाच्या वर्गापर्यंतचा हा प्रवास पंधरा वर्षांत झाला. आमच्यासारख्याला या इतिहासातील ही गोष्ट सर्वांत अधिक भावते.

परंतु वर्ग उघडला म्हणजे तो कायमचा उघडा राहतो असे नाही. कॅरन फिंच या डेन्मार्कमध्ये विणकाम शिकलेल्या बाईंनी १९७५ साली लंडनजवळ हॅम्प्टन कोर्ट येथे वस्त्रजतनाचे केंद्र काढले. पुढे ते विंचेस्टर येथे जाऊन एका विद्यापीठाचा भाग झाले. विद्यार्थी थोडे, प्रयोगशाळा महाग, एकेका विद्यार्थ्यामागे शिक्षकाचा वेळ फार. हिशेब जुळेना म्हणून २००९ साली ते बंद करण्यात आले. जगभरच्या लोकांनी ओरड केली, पैसा उभा केला, तेव्हा २०१० साली ग्लासगो विद्यापीठात ते काम पुन्हा सुरू झाले. मोठे कारखाने बंद पडताना आम्ही पाहिले आहेत; तेथेही हाच हिशेब ऐकला आहे. यंत्र पुन्हा विकत घेता येते, पण पांगलेले कसबी हात पुन्हा गोळा होत नाहीत. जतनाच्या वर्गाचेही तसेच आहे.

आता आपल्या देशाकडे पाहू. आपण या बाबतीत उशिरा जागे झालो असे नाही. पुरातत्त्व खात्याने १९१७ सालीच मोहम्मद सनाउल्ला यांना पुरातत्त्वीय रसायनज्ञ म्हणून नेमले. १९५२ साली बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात संग्रहालयशास्त्राचा विभाग निघाला. असा विभाग भारतात तो पहिलाच. १९७६ साली लखनौला राष्ट्रीय जतन प्रयोगशाळा उभी राहिली. १९८९ साली दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाशी संलग्न संस्थेला विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि तेथे जतन हा पदव्युत्तर विषय झाला. आपल्या मराठवाड्यातलेच उदाहरण द्यावयाचे तर, २०१६ साली पुरातत्त्व खात्याचे रसायनज्ञ आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्रज्ञ यांनी मिळून वेरूळच्या गिलाव्याची तपासणी प्रसिद्ध केली. त्या मातीत भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आढळले, आणि कीड न लागण्याचे श्रेय त्यांनी त्या मिश्रणाला दिले. हजार-बाराशे वर्षांपूर्वी ते तंतू मातीत मळणारा गवंडी काही रसायन शिकलेला नव्हता. पण त्याला जे ठाऊक होते ते कळावयास आज दोन शास्त्रे एकत्र यावी लागली.

येथेच आमचे म्हणणे येते. आपल्याकडे शास्त्र विद्यापीठात आहे आणि हात बाहेर आहे. चुन्याची भट्टी लावणारा, दगडाची शीर ओळखणारा पाथरवट, तांबे ठोकणारा तांबट, हातकागद करणारा कागदी हे सर्व अजून थोडेबहुत आहेत. पण पदव्युत्तर वर्गात शिरावयास पदवी लागते, आणि त्यांच्यापाशी ती नाही. विद्यार्थी म्हणून त्यांना प्रवेश नाही, आणि शिक्षक म्हणून तर त्यांचा विचारही होत नाही. दुरुस्तीच्या ठिकाणी त्यांना रोजंदारीवर बोलावितात, आणि काम झाल्यावर अहवालात त्यांचे नाव नसते.

याचा अर्थ कारागिरावर सारे सोपवावे असा कोणी घेऊ नये. हात एकटा पडला की काय होते, तेही आपण गावोगाव पाहतो. दगडी देवळाला भाविकपणाने ऑइल पेंट फासतात. दगडाची छिद्रे बुजतात, आतली ओल आत कोंडते आणि दगड आतून सुटू लागतो. चुन्याच्या जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करतात. सिमेंट चुन्याहून कडक, त्यातून ओल सहज बाहेर पडत नाही, आणि त्यातले क्षार शेजारच्या दगडात उतरतात. चिंचेने घासूनघासून मूर्तीचे नाकडोळे आणि पाठीवरचे लेख झिजवितात. मूर्तीला वज्रलेप करावा काय आणि कशाचा करावा, हा वाद तर आपल्याकडे अधूनमधून उठतच असतो. त्या वादात भक्ताचाही अधिकार आहे, कारण मूर्ती त्याच्या पूजेत आहे. रसायनज्ञाचाही आहे, कारण लेप उद्या काय करील हे तो सांगू शकतो. दोघांनी एकमेकांशी बोलावे अशी जागा मात्र आपण निर्माण केलेली नाही. ती जागा विद्यापीठाने द्यावयाची.

आणखी एक गोष्ट कामगारांचा माणूस म्हणून सांगितल्यावाचून आम्हांस राहवत नाही. जतनाचे काम करणाऱ्याच्या नाकातोंडात द्रावकांची वाफ जाते. पूर्वीच्या काळी कातडी आणि भरलेले प्राणी कीड लागू नये म्हणून सोमल आणि पाऱ्याची संयुगे लावून ठेवीत. तो विषारी थर पुष्कळ संग्रहालयांतील जुन्या वस्तूंवर अजून आहे. चांगल्या अभ्यासक्रमांत वाफ ओढून घेणारे पंखे, हातमोजे, मुखवटे यांचा धडा रसायनाच्या धड्याइतकाच महत्त्वाचा मानतात. आपल्याकडे हा नियम वर्गात शिकविला जावा आणि प्रत्यक्ष कामावरच्या रोजंदारी मजुरालाही लागू व्हावा. हजार वर्षांची मूर्ती वाचवितांना तीस वर्षांच्या माणसाची फुप्फुसे गमावणे याला जतन म्हणता येणार नाही.

तेव्हा मागणी काय? आमच्या मते तीन गोष्टी हव्यात. महाराष्ट्रातील विद्यापीठांनी रसायन, पुरातत्त्व आणि कला या तीन विभागांची भिंत पाडून जतनाचा पूर्ण अभ्यासक्रम चालवावा. त्या अभ्यासक्रमात पाथरवट, तांबट, बुकबाइंडर यांना पाहुणे म्हणून नव्हे, तर पगारी शिक्षक म्हणून बसवावे. आणि त्यांच्या मुलांना पदवीच्या अटीवाचून आत शिरता येईल असा एक खालचा दरवाजा, दोन वर्षांच्या पदविकेचा का होईना, उघडा ठेवावा. खर्चाचा प्रश्न निघेल; तो ग्लासगोलाही निघाला होता.

आपण नागरिकांनी यात काय करावयाचे, असे कोणी विचारील. आपापल्या गावातील जुन्या देवळाला रंग लागत असेल, वाचनालयातील पोथ्यांना वाळवी लागली असेल, तर काम सुरू होण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा: हे लावलेले पुढे काढता येईल काय, याहून कमी करून भागेल काय, आणि जे करणार ते कोणी लिहून ठेवणार आहे काय? एवढे प्रश्न एका सभेत चार माणसांनी विचारले तरी पुष्कळ नुकसान टळेल. आणि उत्तर देणारा माणूस आपल्या जिल्ह्यात सापडला नाही, तर तो तयार करण्याची मागणी घेऊन आपण मिळून विद्यापीठाच्या दारी जाऊ. असल्या मोर्चाचा आम्हांस थोडा अनुभव आहे.